घर कंपनीचं, भाडं नवऱ्याच्या पगारातलं, तक्रार बाईची

(घर आणि स्त्रिया या विषयावरच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आज मी अमेरिकेतल्या लष्करी कुटुंबांच्या घरांबद्दल बोलणार आहे. आपल्या वस्तीतल्या गळक्या छपरांचे प्रश्न सुटलेले नसताना एवढ्या दूरची गोष्ट कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण साधं आहे. सरकारी जमीन, खाजगी बिल्डर आणि घरात राहणारी बाई या तिघांचं नातं कसं असतं, हे त्या देशात मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. त्याला आता जवळजवळ तीस वर्षं झाली, कागदपत्रं उघड आहेत, कोर्टातले निकालही आहेत. आपल्याकडे हाच प्रयोग वेगवेगळ्या नावांनी सुरू आहे. दुसऱ्यांनी खाल्लेली ठेच आपण बघून घ्यावी, एवढाच हेतू.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती 1973 साली थांबली. तोपर्यंत सैनिक म्हणजे बहुतेक तरुण, अविवाहित, दोन वर्षांनी घरी परतणारा मुलगा. भरती ऐच्छिक झाल्यावर तो लग्न करून, मुलाबाळांसह नोकरी करणारा माणूस झाला. त्याला टिकवायचं तर त्याच्या कुटुंबाला टिकवायला हवं, हे लष्कराच्या ध्यानात आलं. पण तळांवरची घरं जुनी होती. 1990 च्या दशकाच्या मध्याला संरक्षण खात्याकडे सुमारे 3 लाख कौटुंबिक घरं होती आणि त्यातल्या दोनतृतीयांश घरांना मोठी दुरुस्ती लागणार होती किंवा ती पाडून नवी बांधावी लागणार होती. खात्याचा स्वतःचाच अंदाज असा की, नेहमीच्या सरकारी पद्धतीने हे काम करायला 20 अब्ज डॉलर आणि 30 ते 40 वर्षं लागतील.

तेव्हाचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी हा प्रश्न पुढे घेतला आणि 1996 च्या सुरुवातीला संमत झालेल्या संरक्षण कायद्यात लष्करी घरांच्या खाजगीकरणाची तरतूद झाली. इथे एक गोष्ट नोंदवू या. बायकांना चांगलं घर मिळणं हा त्यांचा हक्क आहे, अशी ती मांडणी नव्हती. घर चांगलं नसेल तर बायको कुरकुर करेल, बायकोने कुरकुर केली तर नवरा नोकरी सोडेल, अशी ती मांडणी होती. घरात चोवीस तास राहणारी बाई या धोरणात आली, ती सैनिकाला टिकवण्याचं साधन म्हणून. पुढच्या अनेक गोष्टींचं मूळ इथे आहे.

आता हा व्यवहार नेमका कसा चालतो ते बघू. यातला हिशोब समजून घेतला नाही, तर पुढे कोण का वागलं ते कळत नाही.

तळावरची जमीन सरकारची. ती साधारण 50 वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला दिली जाते. त्यावरची घरं कंपनीच्या ताब्यात आणि मालकीत जातात. कंपनी बाजारातून कर्ज उभारते, जुनी घरं दुरुस्त करते, काही पाडून नवी बांधते आणि 50 वर्षं त्यांची देखभाल करते. सरकारनेही काही ठिकाणी कर्ज दिलं, काही ठिकाणी भागीदार म्हणून भांडवल घातलं, काही ठिकाणी बँकेला हमी दिली. हमी कशाची? तळ बंद झाला किंवा सैन्य कमी केलं, तर कर्ज देणाऱ्याचे पैसे बुडू नयेत याची.

आणि भाडं? अमेरिकेतल्या सैनिकाला घरभाडे भत्ता मिळतो. तो हुद्दा, ठिकाण आणि कुटुंब आहे की नाही यावर ठरतो. सैनिक तळावरच्या खाजगी घरात राहायला गेला की साधारणपणे तो सगळा भत्ता भाडं म्हणून परस्पर कंपनीकडे जातो. म्हणजे एकाच प्रकारच्या घरात शेजारी-शेजारी राहणारी दोन कुटुंबं हुद्द्याप्रमाणे वेगवेगळं भाडं देतात. घर चांगलं असो वा वाईट, भाडं दर महिन्याला ठरल्याप्रमाणे जातंच. त्या पैशातून कर्जाचे हप्ते आणि व्याज भागवायचं, कंपनीचं व्यवस्थापन शुल्क द्यायचं, देखभाल करायची आणि पुढच्या बांधकामासाठी शिल्लक ठेवायची. घरखर्च चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पैसे कमी पडले की काय थांबतं? सावकाराचा हप्ता थांबत नाही. छपराची दुरुस्ती थांबते.

शिवाय कंपनीला चांगल्या कामासाठी जादा प्रोत्साहन शुल्क मिळतं. चांगलं काम मोजायचं कसं? तक्रार किती वेळात निकालात निघाली आणि रहिवासी किती समाधानी आहेत यावरून. ही नोंद ठेवणार कोण? कंपनी!

हवाई दलाचा टेक्सासमधल्या लॅकलँडचा प्रकल्प 1998 मध्ये आणि पायदळाचा कोलोराडोतल्या फोर्ट कार्सनचा 1999 मध्ये सुरू झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशांतर्गत लष्करी कौटुंबिक घरांपैकी जवळजवळ 99 टक्के घरं खाजगी कंपन्यांकडे गेली. सुमारे 2 लाख घरं आणि चौदा कंपन्या. हजारो कुटुंबांना नवी, मोठी, खेळायला जागा असलेली घरं खरोखर मिळाली. सरकारी पद्धतीने ती तितक्या लवकर मिळाली नसती. आपण खाजगीकरणाला विरोध करतो म्हणून ही बाजू झाकून ठेवायची, असं मी करणार नाही. आधीची सरकारी घरं काही सोन्याची नव्हती. ती मोडकी होती म्हणून तर हे सगळं सुरू झालं.

पण नवेपणा ओसरला आणि देखभालीची वर्षं आली. तेव्हा बाया बोलू लागल्या. भिंतीत ओल, ओलीतून बुरशी, बुरशीमुळे मुलांना दमा. फुटलेल्या नळाची तक्रार केली तर वरून रंग मारून मोकळे. जुन्या घरांमध्ये शिसं असलेला रंग. अमेरिकेत घरांसाठी असा रंग वापरायला 1978 सालीच बंदी आली, पण त्याआधीच्या घरांवर तो राहिला. त्याचे पापुद्रे निघतात, रांगती मुलं ते तोंडात घालतात आणि शिसं मेंदूवर परिणाम करतं. 2018 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने लष्करी तळांवरच्या घरांबद्दल मोठी लेखमालिका केली. 2011 ते 2016 या काळात तळांवरच्या दवाखान्यांत तपासलेल्या एक हजाराहून अधिक लहान मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त निघालं होतं, हे त्यांनी उजेडात आणलं.

मग प्रश्न पडतो की, इतकी वर्षं हे दबून कसं राहिलं? या बाया काही अडाणी नव्हत्या, मुक्या नव्हत्या. मला याची चार कारणं दिसतात.

पहिलं, घरात राहणारी बाई कागदावर कुणीच नव्हती. भाडेकरार सैनिकाच्या नावावर. तिच्यासाठी सरकारी शब्द आहे "अवलंबित". नवरा परदेशात तैनात असेल तर सही करायला त्याचं मुखत्यारपत्र हवं. बुरशी तिने पुसायची, खोकणारं मूल तिने रात्रभर मांडीवर घ्यायचं, कारागिराची वाट बघत दिवस तिने घालवायचा, पण ज्याची तक्रार मोजली जाते तो माणूस मैलोन् मैल दूर.

दुसरं, भीती. घरमालकाशी भांडण झालं तर आपण फार तर घर सोडतो. इथे घराची तक्रार नवऱ्याच्या वरिष्ठापर्यंत जाऊ शकते. "तुझ्या बायकोला जरा समजाव" असं एक वाक्य वरून आलं की बढतीची काळजी सुरू होते. आणि घरातल्या बाईवर दोन दडपणं येतात, एक कंपनीचं आणि एक नवऱ्याचं. यातून भांडणं होतात आणि भांडणाची शिक्षा कोण भोगतं ते आपल्या गटांना सांगायला नको.

तिसरं, बदल्या. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं. आधीच्या बाईने केलेल्या दहा तक्रारी नव्या बाईला ठाऊकच नसतात. तिला वाटतं, ओल आत्ताच आली. कंपनी पन्नास वर्षं तिथे बसलेली आणि भाडेकरू तीन वर्षांची पाहुणी. संघटना बांधायला सातत्य लागतं आणि तेच या रचनेत नाही.

चौथं, कागदावर सगळं ठीक होतं. समाधानाचे आकडे छान होते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2020 मध्ये सांगितलं की, समाधानाचे हे आकडे भरवशाचे नाहीत आणि संरक्षण खात्याची देखरेख तोकडी आहे. आकडे कसे तयार होत होते, ते त्याच्या पुढच्या वर्षी कोर्टात आलं. डिसेंबर 2021 मध्ये बॅलफोर बीटी कम्युनिटीज या कंपनीने मोठ्या फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. 2013 ते 2019 या काळात दुरुस्तीच्या नोंदी बदलल्या गेल्या होत्या. रहिवाशांनी भरलेली अभिप्रायपत्रकं खोटी केली, नष्ट केली. कशासाठी? ते प्रोत्साहन शुल्क मिळावं म्हणून. कंपनीला सुमारे 3 कोटी 36 लाख डॉलर दंड झाला आणि सुमारे 3 कोटी 18 लाख डॉलर भरपाई सरकारला द्यावी लागली. इथे थांबून विचार करा. भरपाई मिळाली लष्कराला, कारण कायद्याच्या नजरेत फसवणूक सरकारची झाली होती. जिचं मूल आजारी पडलं त्या बाईला स्वतंत्र दावा लावायचा तर तिची ती मोकळी. आणि एवढं झाल्यावर तरी सुधारणा व्हावी? एप्रिल 2022 मध्ये सिनेटच्या चौकशी उपसमितीने त्याच कंपनीच्या घरांबद्दल अहवाल दिला, तर गुन्ह्याचा काळ संपल्यानंतरही तशाच प्रकारच्या चुकीच्या नोंदी आणि तशीच बुरशी तिथे आढळली होती.

आता या अंधारात बायांनी वाट कशी काढली ते सांगते, कारण आपल्या कामाचं ते आहे. त्यांनी बदल्यांवर तोडगा शोधला. एका तळावरच्या बायांनी इंटरनेटवर गट केले. फोटो, तक्रारींच्या तारखा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र जमवल्या. बाई तळ सोडून गेली तरी तिची नोंद मागे राहू लागली. 2019 च्या सुरुवातीला लष्करी कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पाहणी केली. तिला जवळजवळ 17 हजार उत्तरं आली आणि निम्म्याहून अधिक जणांनी आपला अनुभव वाईट किंवा अतिशय वाईट असल्याचं सांगितलं. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सिनेटच्या उपसमित्यांसमोर लष्करी कर्मचाऱ्यांच्या बायका साक्षीला बसल्या. त्याच दिवशी कंपन्यांचे प्रमुखही त्या समित्यांपुढे बोलावले गेले. बायांनी घरातली ओल राजधानीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्याचा परिणाम झाला. डिसेंबर 2019 च्या कायद्यात भाडेकरूंच्या हक्कांची सनद आली. अठरा हक्क. घराच्या दुरुस्तीचा मागचा सात वर्षांचा इतिहास आधी बघायला मिळावा. वाद सोडवायला ठरलेली यंत्रणा असावी. वाद चालू असताना भाडं कंपनीकडे जाऊ न देता रोखून धरता यावं. सूडाची भीती न बाळगता तक्रार करता यावी. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे, "भाडेकरू" या शब्दाच्या व्याख्येत घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही जागा मिळाली. जी बाई अवलंबित होती ती भाडेकरू झाली. एक शब्द बदलायला तेवीस वर्षं लागली.

पण पुढचं ऐका. फेब्रुवारी 2020 मध्ये संरक्षण खात्याने सनद जाहीर केली तेव्हा त्यात पंधराच हक्क होते. मागे राहिलेले तीन कोणते? दुरुस्तीचा इतिहास, वाद सोडवण्याची यंत्रणा आणि भाडं रोखून धरणं. म्हणजे ज्यांना दात होते नेमके तेच. कारण असं की, करार आधीच 50 वर्षांचे झाले होते. नवा कायदा जुन्या करारावर सरळ लादता येत नव्हता. कंपन्यांची संमती मिळवत बसावं लागलं. अठराच्या अठरा हक्क 2021 मध्ये लागू होऊ लागले आणि तेव्हाही ते कंपन्यांनी मान्य केले तिथेच. करार आधी आणि हक्क नंतर असं झालं की हक्कांना दारात उभं राहून परवानगी मागावी लागते.

त्याच 1996 साली ब्रिटनने दुसरी वाट धरली. संरक्षण खात्याने लष्करी कुटुंबांची सुमारे 57,400 घरं ॲनिंग्टन नावाच्या कंपनीला 1.66 अब्ज पौंडांना दिली आणि लगेच तीच घरं 200 वर्षांच्या कराराने भाड्याने परत घेतली. देखभाल मात्र खात्याकडेच राहिली आणि रिकाम्या घरांचंही भाडं भरावं लागत होतं. घरांच्या किमती वाढल्या त्याचा फायदा कंपनीला. 2018 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशोब मांडला की, घरं विकली नसती तर खातं 2.2 ते 4.2 अब्ज पौंडांनी बऱ्या स्थितीत असतं. शेवटी सरकार कोर्टात गेलं, 2023 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि जानेवारी 2025 मध्ये 36,347 घरं जवळजवळ 6 अब्ज पौंड मोजून परत विकत घेतली. विकलेल्यापेक्षा कमी घरं, आणि किंमत साडेतीन पटीहून जास्त! या काळात गळक्या घरांत किती बायांनी संसार केले, त्याचा रकाना कुठल्याच ताळेबंदात नाही.

आता आपल्याकडे वळते. आपल्या सैन्यातल्या विवाहित कर्मचाऱ्यांसाठी 2002 पासून सरकारने घरबांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, पण तो सरकारी पैशाने आणि सरकारी मालकीत. घरं सगळ्यांना पुरत नाहीत. सातारा, कोल्हापूरकडच्या किती तरी जवानांच्या बायका नवरा सीमेवर असताना सासरीच राहतात. तो स्वतंत्र विषय आहे. पण बिल्डरला जमीन देऊन घरं बांधून घेण्याची पद्धत मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या रूपाने 1995 पासून आपण बघतो आहोत. आता जुन्या सरकारी वसाहती, चाळी, पोलिसांच्या लाईनी यांच्या पुनर्विकासाची चर्चा गल्लोगल्ली आहे. घर मोठं मिळणार, लिफ्ट येणार, संडास घरात येणार म्हणून बाया खूश असतात. त्यांनी का खूश होऊ नये? सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईला खाजगीकरणावर व्याख्यान देणं सोपं असतं.

आपण विचारायचे ते प्रश्न दहा वर्षांनंतरचे आहेत. मी काम करते त्या भागात एका पोलीस लाईनीत बायांची बैठक घेतली होती. स्वयंपाकघरातली गळती दोन पावसाळे तशीच होती. तक्रार का नाही केली, विचारलं तर एक म्हणाली, "ताई, अर्जावर ह्यांचा बक्कल नंबर लागतो नि सही लागते. हे बंदोबस्तावर. आणि अर्ज वरून जातो, साहेबांच्या हातून." दुसरी म्हणाली, "आपल्यामुळे त्यांना बोलणी नकोत." मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या त्या बायांपेक्षा यात वेगळं काय आहे? तिकडे मुखत्यारपत्र, इकडे बक्कल नंबर.

यातला आणखी एक धागा घरातल्या हिंसेचा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. पण नोकरीबरोबर मिळालेलं क्वार्टर नोकरीबरोबर जातं. बदली झाली, निवृत्ती आली, नवरा गेला की ते सोडावं लागतं. म्हणून अशा घरातल्या बाईचं प्रकरण आपल्याकडे येतं तेव्हा फक्त "तिला घरातून काढू नये" एवढा आदेश मागून भागत नाही. तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं नवऱ्याने द्यावं, अशी मागणीही त्याच कायद्याच्या कलम 19 खाली करता येते. ती पहिल्याच अर्जात करा.

महाराष्ट्रात आपण बाईचं नाव सातबारावर लागावं म्हणून लक्ष्मीमुक्तीसारखी मोहीम पाहिली, घर दोघांच्या नावावर व्हावं म्हणून भांडलो. ते बरोबरच होतं. पण जिथे घराची मालकी ना नवऱ्याची ना बायकोची, तिथे काय मागायचं, याचा आपण फारसा विचार केलेला नाही. म्हणून काही मागण्या मांडते. त्यात भर घालावी.

1. सरकारी जमिनीवर खाजगी भागीदारीतून घरं होणार असतील तर रहिवाशांचे हक्क मूळ करारातच लिहिलेले असावेत. नंतरचं आश्वासन चालणार नाही.

2. करार मराठीत, सही होण्याआधी, वसाहतीत लावला जावा. मुदत किती, देखभाल कुणाची, पैसे कमी पडले तर आधी काय थांबणार, हे त्यात स्पष्ट असावं.

3. घरात राहणाऱ्या प्रौढ स्त्रीला तिच्या स्वतःच्या सहीने तक्रार करता यावी. नवऱ्याचा नंबर, सही, वरिष्ठाची शिफारस यांची अट नको.

4. तक्रार पूर्ण झाली ही नोंद रहिवासी बाईच्या सहीशिवाय बंद होऊ नये. ज्याला पैसे मिळतात त्यानेच नोंद ठेवायची, ही पद्धत बंद व्हावी.

5. प्रत्येक घराच्या दुरुस्तीचा इतिहास घरासोबत राहावा आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला किल्लीबरोबर मिळावा.

6. वाद चालू असताना भाड्याची किंवा देखभालीची रक्कम तिसऱ्या जागी जमा करण्याची सोय असावी. पैसा अडल्याशिवाय कान उघडत नाहीत.

यातल्या चौथ्या आणि पाचव्या गोष्टीसाठी शासनाच्या निर्णयाची वाट बघायची गरज नाही. दोनशे पानी वही घ्या. खोली क्रमांक, तक्रार, केल्याची तारीख, कोण आलं, काय केलं, पुन्हा कधी गळलं, एवढे रकाने पाडा. वसाहतीतल्या दोन बायांकडे ती वही ठेवा आणि त्यातली एक बदलीवर गेली की जाण्याआधी तिसरीकडे सोपवायला सांगा. तिकडच्या बायांनी हेच काम संगणकावर केलं, एवढाच फरक. येत्या पावसाळ्याआधी आपल्यातल्या प्रत्येक गटाने एका तरी वसाहतीत ही वही सुरू करावी आणि दिवाळीनंतरच्या बैठकीला ती घेऊन यावी. तेव्हा शासनाकडे जाताना आपल्या हातात निवेदनाबरोबर त्या वह्याही असतील.